पेट्रोल-कट्टा: आमच्या अवजार गटाच्या नोंदी, मे ते नोव्हेंबर २०२५

४ मे

गटाची सगळी यंत्रं आता मांगरात, म्हणजे शेतावरच्या छपरात, आली. नवा पॉवर वीडर (तण काढायचं, माती भुसभुशीत करायचं यंत्र), दोन फोर-स्ट्रोक ग्रासकटर, एक जुना टू-स्ट्रोक ग्रासकटर, दोन इंची पाण्याचा पंप आणि आंब्याच्या फवारणीचा एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप. झाडून सगळी पेट्रोलवर. आजवर यंत्र ज्याच्या घरी, त्याच्याच पडवीत ते भरलं जायचं. कोणी शीतपेयाच्या बाटलीतून भरायचं, कोणी रॉकेलच्या जुन्या कॅनमधून. आता यंत्रं एका छपराखाली आली म्हणजे धोकाही एका छपराखाली आला. त्यात मांगराच्या कोपऱ्यात चूल आहे, चहा तिथेच होतो आणि विडीवाल्यांची बैठकही तिथेच.

बैठकीत ठरलं की ऑइल-पेट्रोल भरायची जागा मांगराबाहेर करायची. ते काम माझ्याकडे. सूचनांचा मोठा फलक लावावा असंही कोणी म्हणालं, मी नको म्हटलं. घाईत असलेला माणूस फलक वाचत नाही. जागाच अशी हवी की नीट भरणं सोपं जावं आणि भलतंसलतं करायला जास्त खटपट पडावी.

९ मे

जागा ठरली. मांगराच्या वरच्या अंगाला, फणसाच्या पलीकडे. चुलीपासून दहा मीटरपेक्षा जास्त अंतर, तीन बाजू मोकळ्या.

वरचं अंग का, यावर बराच खल झाला. बहुतेकांना खालची सपाटी हवी होती, यंत्र ढकलत न्यायला सोपी म्हणून. पण ती सपाटी म्हणजे एक खळगा आहे आणि शेजारी विहीर. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत सखल जागेत साचते. उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघते, मग मे महिन्यातल्या कोकणात काय बोलावं. हवेत या वाफेचं प्रमाण साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत असलं की ठिणगीची खोटी. ढोबळ हिशोब करून दाखवला: पाव लिटरपेक्षा कमी, समजा २०० मिली पेट्रोल सांडून त्याची पूर्ण वाफ झाली तर ती चाळीसेक लिटर होते, आणि तेवढी वाफ जवळजवळ तीन घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकते. म्हणजे मांगरातला चुलीचा कोपरा पुरता आला त्यात. सांडलेलं पेट्रोल डोळ्याला दिसतं म्हणून आपण त्याला जपतो. पेटते ती न दिसणारी वाफ.

चिऱ्याचा कट्टा बांधायचा ठरला. गुडघ्याच्या वर उंची, माथा सिमेंटने गुळगुळीत आणि लेव्हल बाटलीने तपासलेला सपाट. सपाटी पेट्रोलसाठी नाही, ऑइलसाठी हवी आहे. ते पुढे येईलच.

१३ मे

कॅन आणला. पत्र्याचा, दहा लिटरचा, घट्ट झाकणाचा.

प्लॅस्टिकचा का नाही, हे विचारणारे बरेच. पेट्रोलियम कायदा १९३४ सालचा आहे. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येतं, पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात असावं असं त्यात म्हटलंय. काच आणि चिनी मातीला एक लिटरची मर्यादा, धातूला २५ लिटरची. म्हणजे लोणच्याची बरणी कायद्यात बसते, पाण्याची बाटली बसत नाही! गंमत सोडली तरी पातळ प्लॅस्टिकची बाटली पेट्रोलने मऊ पडते, उन्हात फुगते आणि तहानलेल्या पोराच्या हाताला लागते. शेवटचं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं.

पंपावर कॅन भरताना तो जमिनीवर ठेवूनच भरायचा. टेम्पोच्या हौद्यात किंवा स्कूटरच्या पायाशी ठेवून नाही. हौद्यातल्या रबरी मॅटवर ठेवलेल्या पत्र्याच्या कॅनमधला स्थिर विजेचा भार जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. नळीचं तोंड कॅनच्या तोंडाला टेकलेलं ठेवायचं. काठोकाठ भरायचं नाही. पेट्रोल एका अंशाला हजारात साधारण एक भाग फुगतं. सकाळी २५ अंशांत भरलेले पाच लिटर दुपारी ४० अंशांत गेले तर ७० मिली जास्त जागा मागतात.

१८ मे

नव्या पॉवर वीडरचं उद्घाटन. नारळ फोडायला चारजण पुढे, पण इंजिनात ऑइल आहे का हे बघायला कोणी नाही.

नव्हतंच. अशी इंजिनं कारखान्यातून बहुतेक कोरडी येतात, आणि तसा कागद हँडलला बांधलेला असतो. तो कागद पहिल्यांदा फाडला जातो कारण त्याच्यामुळे मूठ धरता येत नाही. दोरी ओढली की कोरडं इंजिनही सुरू होतं, हीच पंचाईत. मग आतला पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड काही मिनिटांत खलास.

हे इंजिन १९६ सीसीचं. ऑइल ०.६ लिटर. पुस्तिकेत सर्वसाधारण वापरासाठी १०डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या दाटपणाचा अंक) दिलंय, दर्जा एपीआय एसजे किंवा त्याहून वरचा. खालच्या वाडीतले काका मोटरसायकलीचं उरलेलं २०डब्ल्यू-४० घेऊन आले होते. “आमी गाडयेक हेच घालतंव.” गाडीला चालतं ते बरोबर. पण यंत्र वॉरंटीत आहे तोवर पुस्तिकेत लिहिलंय तेच घालायचं, यावर मी अडून बसलो. उघड्या डब्यात पावसाळाभर राहिलेलं तर कुठल्याच इंजिनात नको.

गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, भोक वेगळं, ऑइलही वेगळ्या जातीचं. दोन्ही झाकणांवर ऑइलपेंटने खूण केली: इंजिनाला पिवळी, गिअरला निळी.

ऑइल बघायची रीत सगळ्यांकडून एकदा करून घेतली. यंत्र सपाट जागी. इंजिन बंद, काही मिनिटं थांबून ऑइल खाली उतरू द्यायचं. डिपस्टिकभोवतीची माती आधी पुसायची, नाहीतर झाकण काढताच ती आत. काठी काढून पुसायची, परत घालायची, पण या इंजिनात आटे फिरवून बसवायची नाही, नुसती टेकवायची. आटे फिरवले की काठी खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मग बाहेर काढून बघायचं. भरताना भोकाच्या खालच्या कडेला ऑइल आलं की पूर्ण.

“चार थेंब जास्त पडले तर काय होता?” हा प्रश्न आलाच. चार थेंबांनी काही होत नाही. पण जास्तीचं ऑइल आतल्या फिरत्या भागांनी घुसळलं जातं, फेसाळतं, ब्रीदरच्या नळीतून एअर क्लीनरमध्ये जातं, प्लग काळा पडतो आणि निळसर धूर सुटतो. कमी ऑइल इंजिन मारतं, जास्तीचं इंजिनाला आजारी पाडतं.

२६ मे

कट्ट्यावर छप्पर चढायच्या आधीच पाऊस. काल मान्सून देवगडला पोहोचल्याचं जाहीर झालं. मे संपायच्या आत! पत्रे अजून कुडाळात दुकानदाराकडे. कट्ट्यावर ताडपत्री बांधली. कॅन मात्र मांगरात आणू दिला नाही, जुन्या गोठ्याच्या ओट्यावर पिंपाखाली झाकून ठेवला.

७ जून

पत्रे चढले. आजपासून भरणं फक्त कट्ट्यावर. नांगरणीला सगळ्यांना एकदम घाई, त्यामुळे रीत आजच बसवायची होती.

ती अशी बसवली. यंत्र आलं की इंजिन बंद आणि पेट्रोलचा कॉक बंद. मग चहा. चहा चुलीपाशी, म्हणजे माणूस यंत्रापासून दूर आणि इंजिनाला थंड व्हायला वेळ. एका पुस्तिकेत निदान दोन मिनिटं थांबा असं आहे. आम्ही दहा धरली. लोडवर चाललेल्या इंजिनाचा सायलेन्सर इतका तापतो की त्यावर पडलेलं पेट्रोल पेटायला ठिणगीचीही गरज पडेलच असं नाही. साधारण अडीचशे अंशांच्या पुढे पेट्रोल आपोआप पेटू शकतं. आणि या लहान इंजिनांत पेट्रोलची टाकी सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर असते. मोटरसायकलीच्या सवयीने इथे वागून चालत नाही.

चहा झाला की आधी ऑइल बघायचं, मागाहून पेट्रोल. हा क्रम उगाच नाही. ऑइल कमी निघालं, काळं निघालं, बदलायचं ठरलं, तर यंत्र आडवं करावं लागतं, आणि भरलेली टाकी आडवी केली की झाकणाच्या हवेच्या भोकातून पेट्रोल गळतं. शिवाय पेट्रोल भरलं की माणसाच्या मनात यंत्र तयार झालेलं असतं, तो दोरीच ओढतो. ऑइल बघणं मागे ठेवलं तर ते राहूनच जातं.

झाकण एकदम उघडायचं नाही. थोडं फिरवायचं, आतला दाब सुटू द्यायचा, मग काढायचं. जाळीचं नरसाळं लावायचं. टाकीच्या गळ्यापर्यंत भरायचं नाही, आतल्या खुणेला थांबायचं. वीडर, पंप आणि एचटीपीची टाकी ३.१ लिटरची, ग्रासकटरची ६३० मिलीच्या आसपास. ग्रासकटरची टाकी इतकी लहान की बारीक चोचीच्या लहान डब्यातूनच भरावी, दहा लिटरचा कॅन तिच्यावर उपडा करू नये. सांडलं तर लगेच पुसायचं, फडकं बाहेर वाऱ्यावर टाकायचं, खिशात कोंबायचं नाही. मग यंत्र उचलून निदान तीन मीटर लांब न्यायचं आणि तिथे सुरू करायचं. कट्ट्यावर दोरी ओढायची नाही, हा एक नियम मी कोणासाठीही सैल केलेला नाही.

कट्ट्याच्या खांबाला चार किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर आणि वाळूची बादली. पाण्याची बादली मुद्दाम ठेवलेली नाही, पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. सिलिंडरची पिन कशी काढायची ते वहिनींच्या बचत गटालाही दाखवलं, कारण दिवसा मांगराजवळ त्याच जास्त असतात.

१५ जून

टू-स्ट्रोकचा घोळ मिटवला. जुन्या ग्रासकटरला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, फोर-स्ट्रोकला नाही. दोन्ही कटर पाठीमागून सारखेच दिसतात. ओळख सोपी आहे: ऑइल भरायला वेगळं झाकण असेल तर फोर-स्ट्रोक.

दोन चुकांचं वजन सारखं नाही, हे सगळ्यांना माहीत असायला हवं. मिश्रण फोर-स्ट्रोकमध्ये गेलं तर धूर होईल, प्लग खराब होईल, टाकी रिकामी करून काम निभावेल. पण साधं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेलं तर पिस्टनला वंगणच नाही, इंजिन जाम. म्हणून टू-स्ट्रोकच्या मिश्रणाचा लहान डबा तांबडा रंगवून त्या कटरच्याच हुकाला साखळीने बांधला. साध्या पेट्रोलचा कॅन विनारंगाचा.

कोणी म्हणेल, टू-स्ट्रोक विकून टाका. गटातल्या दोघांचा जीव त्यात अडकलाय. हलका आहे, उतारावर चालतो. राहू दे.

३ जुलै

पाण्याचा पंप व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर बंद पडत होता. सुरू होई, अर्धा मिनिट चाले, बंद. कार्बोरेटर उघडून झाला, प्लग बदलून झाला. बाजारातल्या एका कारागिराने उपाय सांगितला: ऑइल सेन्सरची वायर काढून टाका.

वायर काढली असती तर पंप चालला असता हे खरं. ऑइल कमी झालं की इंजिन बंद करणारा हा सेन्सर. तो इंजिन मोडण्याआधी इंजिन बंद करतो, आणि आपल्याला राग त्याचाच येतो. पंप कट्ट्यावर आणून सपाट ठेवला, ऑइल बघितलं: खुणेच्या जरा खाली. व्हाळाच्या काठावर तो तिरका ठेवला जात होता, त्यामुळे आहे ते ऑइलही एका अंगाला जाऊन सेन्सरला कमी वाटत होतं. या जातीच्या इंजिनांना चालताना २० अंशांपर्यंतचा कल चालतो. आमचा काठ त्याहून उतरता असावा, आणि ऑइलही कमी. दोन्ही एकत्र आलं.

ऑइल खुणेपर्यंत भरलं, काठावर दोन चिरे घालून पंपाला सपाट बैठक केली. वायर जागेवर. पंप दिवसभर चालला.

याच निमित्ताने एक गोष्ट गटाला सांगितली आणि इथेही लिहून ठेवतो: विहिरीचं पाणी खोल गेलं म्हणून हा पंप विहिरीत आत उतरवायचा नाही. कितीही पाणी कमी असलं तरी नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड विहिरीत कोंडतो, त्याला वास नसतो, आणि आत उतरलेल्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. अशा बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात.

१९ जुलै

वीडरचं ऑइल ताकासारखं पांढुरकं निघालं. पाणी शिरलंय. कुणग्यातून, म्हणजे भाताच्या खाचरातून, परत येताना डिपस्टिकचं झाकण अर्धवट बसलेलं होतं आणि वर धो धो पाऊस. असं ऑइल वंगण देत नाही आणि आत गंजही चढवतं. सगळं काढलं, थोडं नवं घालून इंजिन जरा वेळ चालवून तेही काढलं, मग ०.६ लिटर ताजं.

तसाही पहिला ऑइल बदल आलाच होता. मोठ्या इंजिनांना पहिला बदल २० तासांनी किंवा पहिल्या महिन्यात, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. ग्रासकटरच्या ३५ सीसीच्या इंजिनाला पहिला १० तासांनी, पुढे दर ५० तासांनी. पहिल्या ऑइलमध्ये नव्या भागांच्या घासणीचा बारीक लोखंडी चुरा असतो, म्हणून ते लवकर काढायचं.

इथे एक उलटं वाटणारं: पेट्रोल थंड इंजिनात भरायचं, पण ऑइल काढायचं ते इंजिन कोमट असताना. कोमट ऑइल पातळ होऊन गाळासकट उतरतं. थंड इंजिनातलं निम्मा गाळ आतच ठेवतं. कोमट म्हणजे हात लावता येईल इतपतच. ऑइल उतरून होईपर्यंत इंजिन गार झालेलं असतं, पेट्रोलसाठी वेगळं थांबावं लागत नाही.

१७ ऑगस्ट

चतुर्थी २७ तारखेला. प्रत्येकाला वाट साफ करायची आहे, मुंबईची मंडळी यायच्या आत. ग्रासकटर सकाळपासून रात्रीपर्यंत फिरतायत, आणि कट्ट्याची खरी परीक्षा आत्ता.

कटरची टाकी तासा-दीड तासात रिकामी होते, आणि तेव्हा इंजिन सगळ्यात तापलेलं असतं. “थंड होयसर कोण थांबतलो?” माझं उत्तर: थांबू नका, दुसरा कटर घ्या. म्हणून दोन्ही फोर-स्ट्रोक कटर एकाच वेळी बाहेर द्यायचे नाहीत असं ठरवलं. एक चालतो, दुसरा कट्ट्यावर थंड होतो. काम उलट जास्त झालं. पाठीवर कटर घेतलेला माणूस नाहीतरी तासाने थकतोच.

कटरमधल्या ऑइलबद्दल इथे सविस्तर लिहितो, कारण गटात सगळ्यात जास्त हयगय त्याचीच होते. एवढ्या इंजिनात ऑइल फक्त १०० मिली. अर्ध्या कपभर. ते सात हजार फेऱ्यांच्या आसपास फिरणारं इंजिन सांभाळतं. वीडरमध्ये ५० मिली ऑइल कमी झालं तर त्याला पत्ता लागत नाही. कटरमध्ये ५० मिली म्हणजे निम्मं ऑइल गेलं. यंत्र लहान म्हणून काळजी कमी, हा हिशोब इथे अगदी उलटा आहे. त्यात हे इंजिन वाकडंतिकडं, आडवं, कसंही धरलं तरी चालतं, म्हणून लोकांना वाटतं की ऑइलही कसंही बघावं. चालतं कसंही, पण बघायचं सपाटावरच. इंजिन कट्ट्यावर सरळ, झाकण काढून ऑइल तोंडाच्या कडेपर्यंत आहे का ते बघायचं.

मापासाठी गुरांच्या औषधाच्या दुकानातून मोठी प्लॅस्टिक सिरिंज आणली. सुईविना. डब्यातून थेट ओतलं की हमखास जास्त जातं आणि सगळीकडे ओघळतं. सिरिंजने १० मिलीही घालता येतं. सिरिंजवर “ऑइल” असं रंगाने लिहिलं, गोठ्यात परत जाऊ नये म्हणून.

२४ ऑगस्ट

मुंबईहून आलेल्या एका पाव्हण्याने स्वतःच्या घरचा कटर कट्ट्यावर आणला. नवाकोरा, फोर-स्ट्रोक. सोबत टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकच्या, ऑइलची बाटली, दुकानदाराने दिलेली. “पेट्रोलात मिसळायचं म्हणालेत.” इंजिनावर पिवळं झाकण दाखवलं, उघडून बघितलं: आत ऑइलचा टिपूस नाही. टाकीत अजून काही घातलेलं नव्हतं, म्हणून थोडक्यात सुटलं. १०० मिली ऑइल घालून दिलं, टू-टीची बाटली आमच्या जुन्या कटरसाठी ठेवून घेतली.

१४ सप्टेंबर

कॅनमधलं पेट्रोल जून महिन्यातलं की ऑगस्टमधलं, यावर वाद. आता कॅनला दोरीने पत्र्याचा बिल्ला, त्यावर खडूने भरल्याची तारीख. महिन्याच्या वर जुनं पेट्रोल कटरमध्ये घालायचं नाही.

पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल. आमच्या इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलला मान्यता आहे. पर्याय नाही, जे मिळतं तेच भरतो, पण काळजी वाढवावी लागते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणच्या पावसाळ्यात हवेत पाण्याला काय तोटा. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, पेट्रोल वर राहतं, आणि इंजिन टाकीच्या तळातूनच पितं. शंका आली की आम्ही तळातलं थोडं पेट्रोल पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरतो. मधे रेघ दिसली की ते पेट्रोल वापरात नाही.

कॅन आता अर्धा रिकामा ठेवत नाही. लागेल तेवढंच आणतो. रिकामी जागा जितकी जास्त तितकी ओली हवा आत.

कटरच्या कार्बोरेटरला पातळ रबरी पडदा आहे आणि पेट्रोल चढवायचा लहान फुगा. फुग्याला चिरा पडल्यात. पेट्रोलची नळीही कडक झालीय. इथेनॉलमुळे की नुसत्या वयामुळे, ते ठरवत बसलो नाही, दोन्ही बदलले. कडक नळी म्हणजे सांध्यातून गळती, आणि गळती म्हणजे भरताना घेतलेली सगळी काळजी वाया.

१२ ऑक्टोबर

पंपाची डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या वर. कोणी घातलं? कोणीच नाही. वास घेतला: पेट्रोल.

व्हाळावरून टेम्पोतून आणताना पेट्रोलचा कॉक उघडा राहिलेला. कार्बोरेटरची सुई नीट बसत नव्हती, त्यामुळे वाटेतले हादरे खात पेट्रोल कार्बोरेटरमधून आत झिरपत सिलिंडरमार्गे ऑइलमध्ये उतरलं. ऑइल कमी झालेलं आपण शोधतो, वाढलेलं कोणी शोधत नाही. वाढलेली पातळी बघून कोणाला समाधानही वाटलं असतं. पातळ झालेलं असं ऑइल वंगण कमी देतं, आणि इंजिनाच्या पोटात पेट्रोलची वाफ साठते ती वेगळीच. त्यामुळे दोरी ओढलीच नाही. सगळं ऑइल काढलं, सुई आणि तिची बैठक साफ केली, ताजं ऑइल भरलं.

टेम्पोवाल्याला आता ठाऊक आहे: यंत्र चढवताना आधी कॉक बंद, मग दोरखंड.

२६ ऑक्टोबर

दिवाळीनंतर जळकं ऑइल साचलेल्या डब्याची विल्हेवाट. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते फासायची इकडे जुनी पद्धत आहे. मी नको म्हणतो. खांबाच्या बुडातून ते मातीत आणि पावसात व्हाळात जातं. व्हाळाच्या खाली आमचीच विहीर. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय. डबा पुढच्या फेरीत कुडाळच्या गॅरेजात, तिथून जुनं ऑइल गोळा करणारा नेतो. काकांनी दोन खांबांपुरतं मागितलं. दिलं नाही, आणि ते अजून रागात आहेत.

१६ नोव्हेंबर

आंब्याला मोहोर यायच्या आत एचटीपी तयार. जून महिन्यापासून तो टाकी रिकामी करून ठेवलेला होता. त्याचं इंजिन १६३ सीसीचं, ऑइल ०.५८ लिटर. जुनं काढून नवं घातलं, कारण तास भरले नसले तरी सहा महिने होत आले. टाकीची जाळी धुतली, कार्बोरेटरच्या वाटीचा बोल्ट सैल करून आत काही साचलं नाही ना बघितलं. ताजं पेट्रोल दोन लिटर, तीन मीटर पलीकडे नेऊन दोरी. दुसऱ्या ओढीला सुरू.

फवारणीच्या दिवसांसाठी एक बदल. बागेत औषधाचा ड्रम, नळ्या आणि माणसं एकाच जागी असतात, आणि एचटीपी पुन्हा पुन्हा कट्ट्यावर आणणं कोणाला परवडणार नाही. बागेत भरायची वेळ आली तर औषधाच्या ड्रमापासून लांब, सपाट चिऱ्यावर, लहान पत्र्याच्या डब्यातून. औषधाच्या हातमोज्यांनी पेट्रोलच्या झाकणाला हात लावायचा नाही आणि पेट्रोल लागलेल्या हाताने औषधाच्या बाटलीला नाही. पेट्रोल अंगावर सांडलं तर कपडे बदलून साबण-पाण्याने धुवायचं, मगच इंजिनाजवळ जायचं.

लहान डब्याला बारीक चोच हवी आहे. कुडाळात मिळाली नाही, पत्र्याच्या कारागिराला सांगितलंय, तो बुधवारी देतो म्हणालाय.